फळीवरची रेल्वे



पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘घरगुती रेल्वे’ हा विषय पाहून तुमच्यापैकी पुष्कळांना ती छापखान्याची करामत वाटली असेल. गेली तीस वर्षे मी हमालांच्या आणि जालन्याच्या रोलिंग मिलांतील कामगारांच्या संघटनेचे काम करतो आहे. तेव्हा हा गृहस्थ मजुरीवर बोलेल, फार तर माथाडी कायद्यावर बोलेल, अशी तुमची अपेक्षा असणार. त्या विषयांवर मी वर्षाचे बारा महिने बोलतच असतो, आणि ते ऐकून ऐकून माझ्या घरच्यांचेही कान किटले आहेत. आज मी तुम्हाला माझ्या ओसरीतल्या दहा फुटी फळीविषयी सांगणार आहे. त्या फळीवर एक रेल्वे स्टेशन आहे.

एका सोबत्याने मला तोंडावर विचारले, “साहेब, लोकांना भाकरीची भ्रांत, आणि तुम्ही खेळण्यातल्या गाड्या काय करत बसलात?” त्याला मी नारायण मेघाजी लोखंड्यांचे नाव सांगितले. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, आणि ती मिळवण्यासाठी लोखंड्यांनी काही वर्षे खस्ता खाल्ल्या. ती सुटी कामगाराने केवळ झोप काढून सोमवारसाठी ताजेतवाने व्हावे म्हणून मागितलेली नव्हती. तसे असते तर ती मालकांनी आपण होऊनच दिली असती. आठवड्यातला एक दिवस माणसाचा स्वतःचा असावा, ही त्यामागची मागणी होती. त्या दिवशी कोणी भजनाला जातो, कोणी तालमीत जातो. मी काड्या तासतो.

आता मुख्य गोष्ट. प्रतिकृती म्हणजे काय? खऱ्या वस्तूचे प्रत्येक माप एकाच आकड्याने भागायचे. शाळेतले शिक्षण माझे सातवीपर्यंतचेच, पण त्रैराशिक मला हमालीच्या हिशेबाने पक्के शिकवले आहे, आणि या कामाला त्याहून अधिक गणित लागत नाही. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण १:८७ हे आहे. त्याला ‘एच-ओ’ म्हणतात, म्हणजे ‘ओ’ नावाच्या जुन्या, मोठ्या प्रमाणाचे अर्धे. साडेपाच फुटी माणूस या प्रमाणात एकोणीस मिलिमीटरचा होतो, म्हणजे माझ्या करंगळीच्या पेराएवढा.

जालना-जळगाव रेल्वेला केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. ती लाइन १७४ किलोमीटरची आहे. राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा अशी ती जाणार, आणि आपले केदारखेडा राजूर-भोकरदनच्या मधले. १७४ ला ८७ ने भागा. बरोबर दोन येतात. म्हणजे ही सबंध लाइन माझ्या प्रमाणात मांडायची म्हटली, तरी दोन किलोमीटर जागा हवी! माझ्यापाशी आहेत दहा फूट. दहा फुटांत खऱ्या जगातले जेमतेम दोनशे पासष्ट मीटर मावतात. एखादा लांबसा प्लॅटफॉर्मही त्यात पुरता बसत नाही. तेव्हा या छंदातला पहिला प्रश्न ‘काय घ्यायचे’ हा नाही, ‘काय सोडायचे’ हा आहे. आणि माझे आजचे सारे म्हणणे या सोडण्यापाशीच येऊन थांबते.

बहुतेक लोक गोल रूळ मांडतात, वर एक बोगदा करतात आणि गाडी गरगर फिरवतात. मुले दहा मिनिटे टाळ्या पिटतात आणि निघून जातात. त्यात मुलांचे काही चुकत नाही. जी गाडी कोठूनच येत नाही आणि कोठेच जात नाही, तिच्याकडे माणसाने किती वेळ पाहावे? शिवाय या प्रमाणात पुरा वळसा घ्यायचा तर चार फूट रुंद टेबल लागते. ते ओसरीत टाकले की घरच्यांनी अंगणात राहायचे. मी भिंतीलगत दहा फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी ठोकली. तिच्यावर गाडी फिरत नाही. तिच्यावर शंटिंग होते. डबा आणायचा, सोडायचा, सांधा बदलायचा, दुसरा डबा न्यायचा, असे काम चालते. काम पाहायला माणूस थांबतो. रस्त्यात खड्डा खणत असलेल्या गड्याभोवती गर्दी जमते ती उगीच नाही.

स्टेशन कोणते निवडले? नाव मी काल्पनिक दिले आहे, पण मनात मनमाड आहे. काळ साधारण १९८५ चा. तुमच्यातल्या प्रौढांना आठवत असेल, आपल्या जालन्याहून जाणारी लाइन तेव्हा मीटरगेज होती. निजामाच्या राज्यात एकोणिसावे शतक संपता संपता मनमाड ते हैदराबाद हा मार्ग बांधला गेला. त्यावरची अजिंठा एक्स्प्रेस आमच्या लहानपणी केवढी मोठी वाटे! पण मनमाडला मुंबईची मोठी लाइन. तिच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर, आणि आपल्या लाइनचे १००० मिलिमीटर. इकडचा डबा तिकडे जाऊ शकत नसे. उतारू बिचारे आपली वळकटी उचलून प्लॅटफॉर्म बदलत. पण पोत्याला पाय नसतात. ते माणसाच्या पाठीवरून जाई.

दोन रुळांमधल्या अंतरातला सहाशे शहात्तर मिलिमीटरांचा फरक शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे पाठीवर वाहिला. एका बाजूला मोठ्या लाइनचा डबा, दुसऱ्या बाजूला छोट्या लाइनचा डबा, मध्ये धक्का. मोठ्या डब्यातला माल छोट्या एका डब्यात मावत नसे, म्हणून मोजणी, शिल्लक, पुन्हा मोजणी. पोते शंभर किलोचे. पुढे १९९२ पासून सरकारने देशभर एकच गेज करण्याची मोहीम हाती घेतली, आणि त्याच दशकात आपली लाइनही मोठी झाली. देशाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मालाची उगाच चढउतार करण्यात कसले आले आहे पुण्य? परंतु त्या धक्क्यावरचे काम ज्या दिवशी संपले, त्या दिवशी ते करणाऱ्यांच्या नावाची पाटी कोणी कोठे लावली नाही. इंजिन जुने झाले तर ते रंगवून स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर ठेवतात. मी ते धक्के फळीवर घेतले ते एवढ्याचसाठी.

आता अडचण ऐका. १६७६ ला ८७ ने भागले की सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. पण बाजारात या प्रमाणाचे जे रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून काढलेले. म्हणजे तयार रूळ घेतले की आपली रेल्वे फळीवर येता येताच पावणेतीन मिलिमीटरांनी अंग चोरते! हौशी लोक याकडे डोळेझाक करतात, आणि मोठ्या लाइनच्या बाबतीत मीही केली, कारण त्या रुंदीच्या इंजिनांची चाके मला घडवता येत नाहीत. मीटरगेजचे गणित मात्र सुखाचे आहे. हजाराला ८७ ने भागले की साडेअकरा येतात, आणि बारा मिलिमीटरचे रूळ मिळतात. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. त्यावर मी पाणी सोडले.

मीटरगेजचा लाकडी स्लीपर सुमारे सहा फूट लांब आणि आठ इंच रुंद असे. तो १:८७ प्रमाणात एकवीस मिलिमीटर लांब आणि सव्वादोन मिलिमीटर रुंद होतो. घरी जाऊन आगपेटीतली एक काडी घ्या, गूल काढा, मधोमध तोडा आणि मोजा. परमेश्वराने जणू मीटरगेजसाठीच काडेपेटी निर्माण केली! माझ्या फळीवरचे मीटरगेजचे स्लीपर सगळे आगकाड्यांचे आहेत, चहाच्या पाण्यात आणि काजळीत बुडवून काळे केलेले. दर पाचव्या ठिकाणी मात्र काडीऐवजी तांब्याचा पत्रा चढवलेली पट्टी बसवावी आणि तिला रूळ डाग देऊन पक्का करावा, म्हणजे अंतर सुटत नाही. त्या पट्टीवरचा पत्रा मधोमध करवतीने छेदावा लागतो, कारण बारा व्होल्टची वीज एका रुळातून जाते आणि दुसऱ्यातून परत येते. पत्रा अखंड राहिला तर दोन्ही बाजू एक होऊन सारा कारभार ठप्प होतो. विजेविषयी याहून अधिक सांगत नाही. रूळ स्वच्छ पुसलेले ठेवावेत, आणि भारनियमनाच्या वेळी रंगकाम करावे.

सामानाविषयी मात्र मला मनसोक्त बोलू द्या, कारण त्यासाठी दुकानाची पायरी क्वचितच चढावी लागते. पऱ्हाटी आपल्याकडे उदंड. कापूस वेचून झाला की तिचा शेंडा कापून सावलीत वाळवा; बाभळीचे झाड तयार झाले. पाने म्हणून लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून, वाळवून, डिंकावर भुरभुरावा. हिरवा रंग दुकानात मिळतो तसा वापरू नये. आपल्या बाभळीचा हिरवा धुळकट असतो, त्यात थोडी पिवळी माती घालावी. झुडपांसाठी वाळलेल्या दोडक्याची जाळी फाडून घ्यावी. काळी माती तव्यावर भाजून, वस्त्रगाळ करून घेतली तर तिच्यासारखी जमीन दुसऱ्या कशाने होत नाही, फक्त चिमूटभर राखेने ती थोडी फिकी करावी. लहान वस्तूवर खरा रंग जसाच्या तसा लावला की तो गडद दिसतो. का कोण जाणे, पण दिसतो खरा. रुळांखालची खडी म्हणजे क्रशरची बारीक कच, चहाच्या गाळणीतून चाळलेली. ती रुळांत पसरून, निम्मे पाणी घातलेला फेव्हिकॉल औषधाच्या ड्रॉपरने थेंब थेंब सोडावा. त्यात साबणाचा एक थेंब टाकला नाही तर खडी पाण्यावर तरंगत गोळा होते. रुळांखाली जुन्या रबरी चपलेचे पातळ काप ठेवले की फळी ढोलासारखी वाजत नाही.

गंजाविषयी एक सूचना. मिलमधल्या एका तरुण सोबत्याने मोठ्या उत्साहाने मला लोखंडाच्या खवल्यांची पुडी आणून दिली होती, रुळांच्या कडांना खरा गंज लावायला. कल्पना मनोहर होती. पण इंजिनातल्या मोटारीत चुंबक असते. लोखंडाचा कण दिसला की ते आत ओढून घेते आणि मोटार जाते. गेरू वापरावा. गेरू आणि काजळी यांच्या पुढे कोणताही परदेशी रंग उभा राहत नाही. मागच्या भिंतीवर मी अंकाई-टंकाई आणि अंगठ्यासारखी उभी ती हडबीची शेंडी रंगवली आहे. मनमाडहून इकडे निघालेला माणूस तो डोंगर पाहिल्यावर स्टेशनाची पाटी वाचत नाही.

इंजिन आणि डबे? एक जुने इंजिन मी मुंबईत दुसऱ्या हाताचे घेतले आणि त्याच्या सांगाड्यावर जाड कागदाची आणि पत्र्याची खोळ चढवून आपले वाय-जी बनवले. डबे पुठ्ठ्याचे आहेत. ज्यांना नवे परदेशी इंजिन घेणे परवडते त्यांनी जरूर घ्यावे. हमालाची कित्येक आठवड्यांची मजुरी त्यात जाते, म्हणून मी घेत नाही. पण एक विनंती दोघांनाही, ते सावकाश चालवा. खरी मालगाडी शंटिंगमध्ये ताशी दहा किलोमीटरने चालत असेल, तर फळीवर ती सेकंदाला तीन सेंटिमीटरच सरकली पाहिजे. माझी दहा फुटांची फळी ओलांडायला दीड मिनिटाहून जास्त लागते. पाहणारा प्रथम चुळबुळतो, मग गप्प होतो.

आता माणसे. दुकानात या प्रमाणातली माणसे मिळतात, रंगवलेलीही मिळतात. टोपी घातलेला स्टेशनमास्तर, छत्री घेतलेली बाई, बाकावर वर्तमानपत्र वाचणारा गृहस्थ, कुत्रा फिरवणारा दुसरा गृहस्थ. मी ती यादी नीट वाचली. पोते उचलणारा आपला माणूस तीत नव्हता. हातात पाना आणि हातोडा घेऊन रोज आपल्या वाट्याचा रूळ पायी तपासणारा चावीवाला नव्हता. ज्यांच्यावाचून गाडी एक पाऊल पुढे जाऊ शकत नाही तेच नेमके यादीत नव्हते. तक्रार करण्यात अर्थ नाही. जर्मन कारखान्याला आपल्या मनमाडच्या धक्क्याची काय खबर? त्यांनी त्यांचे स्टेशन पाहिले. आपले आपण पाहिले पाहिजे.

म्हणून तांब्याच्या बारीक तारेचा सांगाडा आणि त्यावर एम-सील, असे हमाल मी स्वतः केले. तार वाकवण्यापूर्वी आमच्या संघटनेतल्या एका वयोवृद्ध हमालाला घरी बोलावले आणि पाठीवर पोते घेतल्यासारखे उभे राहायला सांगितले. त्याने काम सोडून पुष्कळ वर्षे झाली होती. तरी त्याचे शरीर आपोआप त्या आकारात गेले. मान पुढे, कंबर मोडलेली पण गुडघा ताठ नाही, एक हात मागे पोत्याच्या कानाला, दुसरा मोकळा, तोल राखण्यासाठी. मी मोजपट्टी घेऊन भोवती फिरलो. तो म्हणाला, “साहेब, भरलेला माणूस आणि रिकामा माणूस यांची चाल वेगळी करा. रिकामा माणूस फळीवरून उतरताना पळतो. तेवढाच त्याला वारा लागतो.” ही गोष्ट मला तीस वर्षे कामगारांत वावरून माहीत नव्हती असे नाही, पण तशी मी ती कधी पाहिली नव्हती. माझ्या धक्क्यावर आज सव्वीस हमाल आहेत. तेरा भरलेले, तेरा रिकामे. पोती शाडूची, वर मलमलीचा तुकडा गुंडाळलेली, अकरा मिलिमीटर लांब. एक मुकादम आहे, तो सावलीत उभा आहे. हा पक्षपात माझा समजा.

मोठ्या शहरांत या छंदाचे मोठे संसार आहेत. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांना पाहायला मिळते. सगळे शहर, उड्डाणपूल, सर्कस आणि मधून धावणाऱ्या गाड्या. पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन अवश्य जा. जर्मनीत हॅम्बुर्गला २००१ पासून त्याहून कितीतरी मोठे प्रदर्शन दोघा भावांनी उभारले आहे, ते जगात नावाजलेले आहे. त्यांची बरोबरी करावी असे माझ्या मनात नाही. पण कोथरूडचे भाऊ जोशी काय आणि हॅम्बुर्गचे भाऊ काय, आरंभ सगळ्यांचा घरच्या हौसेतच झाला.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती सांगावी की नाही याचा मी विचार केला होता. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर भुसावळकडे पायी निघाले होते. ते रुळाच्या वाटेने चालले होते. गाड्या बंद आहेत असे समजून करमाडजवळ रुळांवर टेकले, आणि मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. आपलीच लाइन ती. १९७४ साली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला तोही ८ मेलाच. आम्हा संघटनेच्या लोकांना ही तारीख अशी दुहेरी लक्षात राहिली आहे.

मला एका तरुणाने सुचवले की तुमच्या फळीवर हे दाखवा. मी नकार दिला. माझी फळी १९८५ ची आहे, हे एक कारण. दुसरे असे की, मेलेल्या माणसाची एकोणीस मिलिमीटरची बाहुली करण्याचा अधिकार मला नाही. पण त्यानंतर मी फळीकडे पुन्हा पाहिले, तेव्हा ध्यानात आले की परदेशी पुस्तकांतल्या चित्रांत रुळाकडेला कोणी चालत नाही. आपल्याकडे सगळेच चालतात. गँगमन चालतो, शाळेतली पोरे चालतात, सरपणाची मोळी घेतलेली बाई चालते, आणि ज्याच्यापाशी तिकिटाचे पैसे नाहीत तोही चालतो, कारण सरळ आणि न चुकणारी वाट तीच. म्हणून खडीच्या कडेला, जालन्याकडच्या टोकापर्यंत, मी बोटाच्या पेराने दाबून एक पायवाट केली. तिच्यावर माणूस एकही ठेवलेला नाही. वाट मळलेली आहे, एवढेच.

नव्या लाइनचे म्हणाल तर, जमिनीचा मोबदला हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. त्याची सभा वेगळी घेऊ, आणि तिथे मी काड्यांविषयी बोलणार नाही. पण ओसरीत दुसऱ्या भिंतीला पाच फूट जागा शिल्लक आहे. गावातली काही मुले तिथे आतापासूनच केदारखेड्याचे स्टेशन मांडायला निघाली आहेत. ते होईल की नाही याची त्यांना फिकीर नाही. पूर्णेवरचा पूल किती कमानींचा करायचा यावर गेल्या रविवारी त्यांच्यात चांगलेच भांडण जुंपले. मी त्यांना नदीकाठी जाऊन पात्राची रुंदी पावलांनी मोजून आणायला सांगितले आहे, पुराची खूणही बघून या म्हटले आहे. दोघांनी तीनशे पावले सांगितली, एकाने साडेतीनशे. तिघांची पावले सारखी नाहीत, म्हणून येत्या रविवारी दोरी घेऊन जायचे ठरले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी सात वाजता पुलापाशी यावे. नंतर ऊन चढते.